विंडोज सुटलं, आता गाणी कशात लावायची?

१४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा हात सोडला. दिवाळी तोंडावर आलेली, वसुबारस तीन दिवसांवर. कॉम्प्युटर बंद पडणार नव्हते, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या येणं थांबणार होतं. घरगुती वापरासाठी ऑक्टोबर २०२६पर्यंत वर्षभराची मुदतवाढ तेवढी देऊ केली होती. विंडोज ११वर जावं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा हवा. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीच्या पुढचा, म्हणजे २०१७नंतरचा. त्याआधी घेतलेली, धडधाकट चालणारी कितीतरी मशिनं या अटीत बसत नाहीत.

अशा मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त प्रणाली घालणं हा एक मार्ग. त्यातल्या त्यात मिंट नावाचं तिचं रूप सगळ्यांना सुचवलं जातं, कारण त्याचा मेन्यू डाव्या कोपऱ्यात खालीच असतो आणि विंडोजला सरावलेला हात फारसा चुकत नाही. ब्राउझर तोच मिळतो. कागदपत्रांना लिबरऑफिस आहे. प्रिंटर बहुधा आपणहून सापडतो, मराठी कळफलक सेटिंगमध्ये जाऊन जोडता येतो. दोन संध्याकाळींत संसार लागतो. मग एक दिवस माणूस निवांत बसतो, गाणी लावायला जातो आणि तिथे गाडं अडतं.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने लॅपटॉप दुरुस्त करून त्यावर लिनक्स घालून देणारा एक जण मला म्हणाला, ‘‘गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो बँकेचा, दुसरा व्हीएलसीचा.’’ व्हीएलसी चालतं, अगदी तसंच्या तसं. पॅरिसच्या एकोल सांत्रालमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून १९९६मध्ये सुरू झालेलं हे सॉफ्टवेअर २००१पासून मुक्त परवान्याखाली आहे आणि सगळ्या प्रणालींवर मिळतं. समोर टाकाल ती फाइल ते वाजवतं. ज्याचं गाण्याशी नातं तेवढंच आहे त्याने हा लेख इथेच सोडून चकल्यांकडे वळावं.

ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं गाणी जमवली, नावं लावली, याद्या केल्या, त्यांचं व्हीएलसीवर भागत नाही. माझे मामा त्यातले. मिरजेला असतात, शाळेतून निवृत्त झालेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्यांपासून आकाशवाणीच्या संगीत सभांपर्यंत आणि पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाउसच्या कॅसेटांपासून सीडींपर्यंत सगळं त्यांनी हळूहळू कॉम्प्युटरवर चढवलेलं आहे. मी त्यांच्या मशीनवर मिंट घालून दिलं, गाण्यांचा फोल्डर जागेवर ठेवला आणि परत आलो. आठवड्याने फोन.

‘‘अरे, वाजतंय सगळं. पण माझं काहीच सापडत नाहीये.’’

‘‘फाइली सगळ्या आहेत ना मामा?’’

‘‘फाइली आहेत रे. माझी मांडणी कुठंय?’’

या मांडणीचा शोध घेताना कळलं, की प्लेअर बदलणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम.

पण आधी प्लेअरांबद्दल, कारण त्यांचाही एक कुळाचार आहे. आपल्याकडे एमपीथ्री आली ती विनॅम्पचं बोट धरून. एप्रिल १९९७मध्ये अमेरिकेतल्या जस्टिन फ्रँकेल नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने तो बाहेर काढला. नलसॉफ्ट ही त्याची कंपनी १९९९मध्ये एओएलने विकत घेतली. विनॅम्पची मुख्य खिडकी २७५ बाय ११६ ठिपक्यांची, काळसर, हिरव्या आकड्यांची. सायबर कॅफेत, होस्टेलच्या खोल्यांत, एका सीडीवर दीडशे गाणी भरून देणाऱ्या दुकानांत ती सगळीकडे दिसायची. त्या खिडकीचा चेहरा बदलता यायचा, त्याला स्किन म्हणत. स्किन म्हणजे काही चित्रांची एक झिप फाइल. त्यातल्या एका चित्रात अक्षरं कोरलेली असत, प्रत्येक अक्षर पाच ठिपके रुंद आणि सहा ठिपके उंच. गाण्याचं नाव पट्टीवर सरकायचं ते या अक्षरांतून जुळवून. त्यात ए टू झेड होतं, आकडे होते, देवनागरी अर्थातच नव्हती. मराठी गाण्यांच्या फाइलींना रोमन नावं द्यायची सवय आपल्याला लागली, त्यात या पाच बाय सहाच्या घराचाही हात आहे.

विनॅम्पची पुढची कहाणी हेलकाव्यांची. तिसरी आवृत्ती जड झाली, लोकांना रुचली नाही. मग दोन आणि तीन मिळून पाच, असं म्हणत २००३मध्ये पाचवी आली. २०१३च्या अखेरीस एओएलने दुकान बंद करत असल्याचं सांगितलं, लगेच २०१४मध्ये दुसऱ्या कंपनीने ते घेतलं. २०२४च्या सप्टेंबरात त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी म्हणून खुला ठेवला गेला आणि परवान्यावरून रण माजल्यावर काही आठवड्यांतच उचललाही गेला. नलसॉफ्टसाठी काम केलेल्या पीटर पाव्लोव्स्की यांनी २००२च्या डिसेंबरात फुबार२००० काढला. दिसायला रूक्ष, आतून प्रचंड लवचीक. मामांची सगळी मांडणी या फुबारमध्ये होती, आणि फुबारची लिनक्ससाठी आवृत्ती नाही.

वाइन नावाच्या जोडणीतून विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालतात आणि फुबार त्यात चांगला चालतो, हे खरं. पुष्कळ जण तसंच करतात. मला ते पटत नाही. नव्या घरात राहायला जाऊन जुन्या घराच्या स्वयंपाकघरात जेवायला जाण्यासारखं ते वाटतं. शिवाय मामांचं म्हणणं, ‘‘सोडलं तर सोडलं.’’

लिनक्सवर विनॅम्पचा वंश मात्र आहे आणि तो विनॅम्पइतकाच जुना आहे. एक्स११अँप या नावाने १९९७मध्येच सुरू झालेला प्लेअर पुढे एक्सएमएमएस झाला. खिडकी तीच, बटणं तीच, स्किनंही विनॅम्पचीच चालायची. तो जीटीके या खिडक्या-बटणं घडवणाऱ्या साधनसंचाच्या पहिल्या आवृत्तीवर बांधलेला होता. ती कालबाह्य झाली तशी २००७च्या सुमारास लिनक्सच्या वितरणांनी त्याला एकेक करून निरोप दिला. तोवर त्याच्यापासून बीप मीडिया प्लेअर निघाला होता आणि बीपपासून २००५मध्ये ऑडेशस. ऑडेशस आजही जिवंत आहे. त्यात विनॅम्पचा जुना चेहरा निवडता येतो. आजच्या पडद्यावर ती खिडकी पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते, म्हणून ती मोठी करण्याची सोय दिली आहे, आणि कोरीव अक्षरांऐवजी साधा फाँट वापरा असं सांगितलं की देवनागरी नावंही सरकतात. ज्यांना फोल्डर उघडून गाणी ओतायची आणि ऐकायची आहेत त्यांच्यासाठी ऑडेशससारखं दुसरं काही नाही. हलका आहे, नाटकं नाहीत.

संग्रह सांभाळणारे प्लेअर हे वेगळं घराणं. मिंटमध्ये मुळातच असतो तो रिदमबॉक्स. आयट्यून्सच्या धर्तीवर बांधलेला, सरळमार्गी, काहीसा सुस्त. केडीई हा लिनक्सवरचा डेस्कटॉप करणाऱ्यांचा अमारोक एके काळी या सगळ्यांचा राजा होता. त्याची १.४ ही आवृत्ती वापरलेली माणसं अजूनही तिच्याबद्दल हळवी होऊन बोलतात. डिसेंबर २००८मध्ये अमारोक २.० आला, सगळा नव्याने लिहिलेला, आणि जुन्यातल्या कितीतरी सोयी त्यात नव्हत्या. लोक भडकले. कुणी तरी १.४ची घडी उचलून २०१०मध्ये क्लेमंटाइन काढला. २०१६नंतर क्लेमंटाइनची नवी पक्की आवृत्ती बरीच वर्षं आली नाही, तेव्हा २०१८मध्ये त्यातून स्ट्रॉबेरी फुटला. मधल्या काळात झोपी गेलेला अमारोक २०२४च्या एप्रिलमध्ये ३.० होऊन पुन्हा उठला. म्हणजे आज मिंटवर स्ट्रॉबेरी घालणारा माणूस २००६च्या सुमाराची मांडणी वापरत असतो. मला यात काही वावगं वाटत नाही. चांगल्या मांडणीला वय नसतं, तिला फक्त सांभाळणारा लागतो, आणि मुक्त परवान्यामुळे तो परवानगी न मागता पुढे येऊ शकतो. विनॅम्पच्या वाट्याला हे आलं नाही.

इतर पुष्कळ आहेत. एलिसा, लॉलीपॉप हे देखणे आणि मितभाषी. अल्बमची चित्रं नीट असतील तर छान, नसतील तर करड्या चौकोनांची भिंत. काळ्या पडद्यावर टाइप करून गाणी लावणारी मंडळी सीमस वापरतात. एमपीडी हा २००३पासूनचा प्रकार तर त्याहून गमतीचा: गाणी एका मशीनवर वाजतात आणि हुकूम दुसरीकडून, अगदी फोनवरूनही देता येतो. माडीवर जुना कॉम्प्युटर आणि चांगले स्पीकर असतील त्यांनी जरूर पाहावा.

कोणत्या प्लेअरचा ‘आवाज चांगला’ या वादात मी पडत नाही. एफएलएसी या काहीही न गाळता ध्वनी साठवणाऱ्या प्रकारातली फाइल उलगडली की मूळ रेकॉर्डिंगचा आकडा आणि आकडा जसाच्या तसा मिळतो, प्लेअर कुठलाही असो. इक्वलायझर बंद ठेवा आणि आवाजाची पातळी सारखी करा, मग निम्मे वाद आपोआप मिटतील. उरलेले स्पीकरच्या दुकानात मिटवावेत.

खरा फरक पडतो तो जोडावर. मामांकडे ख्यालाच्या सीडींवरून घेतलेल्या फाइली आहेत. विलंबित एका ट्रॅकमध्ये, द्रुत पुढच्यात. गवई थांबलेला नसतो, तंबोरा तर नाहीच नाही. ट्रॅक फक्त कंपनीने पाडलेला असतो. एमपीथ्रीमध्ये ध्वनी ११५२ नमुन्यांच्या तुकड्यांत बांधला जातो. सीडीच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने धरले, तर एक तुकडा सुमारे २६ मिलिसेकंदांचा. रेकॉर्डिंग काही ११५२च्या पटीत संपत नाही, म्हणून शेवटच्या तुकड्यात शांतता भरतात, आणि सुरुवातीलाही एन्कोडर स्वतःची थोडी शांतता घालतो. परिणाम असा, की विलंबित संपताना तंबोरा क्षणभर गिळला जातो आणि पुन्हा उगवतो. सिनेमाच्या गाण्यांत हे कुणाच्या लक्षातही येत नाही. मिरजेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या तंबोरे बनतात, तिथल्या माणसाला ती फट कानात बोट घातल्यासारखी टोचते.

लेम हा एन्कोडर किती शांतता भरली त्याची नोंद फाइलीच्या सुरुवातीला करून ठेवतो. चांगला प्लेअर ती वाचतो, तेवढा भाग कापतो आणि पुढची फाइल आधीच उलगडून तयार ठेवतो. ज्या जुन्या फाइलींत ही नोंदच नाही तिथे कोणताही प्लेअर काही करू शकत नाही. एफएलएसीत ही भानगड मुळातच नाही. आम्ही एकेका प्लेअरवर तोच जोड लावून ऐकला. मामा डोळे मिटून, मी पडद्याकडे बघत. ऑडेशस, स्ट्रॉबेरी आणि डेडबीफ नावाचा आणखी एक प्लेअर (त्याच्याबद्दल पुढे) पास झाले. रिदमबॉक्समध्ये एक गाणं दुसऱ्यात मिसळून देण्याची सोय आहे, कुणी तरी ती फट बुजवायला सुचवली होती. ती चालू करून पाहिली. एका गवयाचं गाणं संपताना दुसऱ्याचं त्यात मिसळलं, पहिल्याचा तंबोरा पांढरी एकचा, दुसऱ्याचा काळी चारचा. दोन-तीन सेकंदच, पण मामा खुर्चीतून उठले.

‘‘बंद कर. आधी बंद कर ते.’’

आता मांडणी. प्रत्येक फाइलीत तिच्याबद्दलची माहिती लिहायची एक जागा असते. एमपीथ्रीत ही सोय १९९६मध्ये आली, आयडी३ नावाने. फाइलीच्या शेवटी १२८ बाइटची पट्टी: नाव ३०, कलाकार ३०, अल्बम ३०, साल ४, शेरा ३०, आणि प्रकारासाठी एकच बाइट. तीस बाइट म्हणजे रोमन लिपीत तीस अक्षरं. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, अक्षर असो वा मात्रा, तीन बाइट खातं. ‘भीमसेन जोशी’ मोजून पाहा: भ, वेलांटी, म, स, मात्रा, न, ज, ओकार, श, वेलांटी. दहा चिन्हांचे तीस बाइट आणि मधल्या मोकळ्या जागेचा एक. एकतीस. पंडितजी एका बाइटने बाहेर. ‘सुधीर फडके’ अठ्ठावीसात बसतात.

ही जागा रोमन लिपीपुरतीच योजलेली होती, त्यामुळे तिथे देवनागरी घुसवणं हा प्रकारच मुळात बेकायदा. पण लोकांनी घुसवलं. युनिकोड रुळायच्या आधी मराठी टाइप व्हायचं ते श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव यांसारख्या फाँटांत. वरवर देवनागरी दिसायचं आणि खाली रोमन चिन्हांची भेळ असायची. मामांच्या जुन्या फाइलींतली बरीच नावं तशी आहेत. प्लेअरमध्ये ती कंस, स्वल्पविराम आणि अनुस्वाराच्या जागी डॉलरचं चिन्ह अशी उमटतात. १९९८मध्ये आलेल्या आयडी३च्या दुसऱ्या पिढीत लांबीचं बंधन गेलं, युनिकोड आलं, आता तो प्रश्न उरलेला नाही. उरलाय तो जुना गाळ उपसण्याचा. या कामाला लिनक्सवर किड३ आणि पडलटॅग हे दोन चांगले सोबती आहेत. पडलटॅग विंडोजवरच्या एमपीथ्रीटॅगसारखाच दिसतो, हात बसायला वेळ लागत नाही. एक योगायोग मला आवडला: श्रीलिपी करणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनेच लोहित फाँट पहिल्यांदा घडवले आणि रेड हॅटने ते मुक्त परवान्याखाली खुले केले. लिनक्सवर कितीतरी वर्षं देवनागरी दिसली ती लोहितमधून. गाळ आणि झरा एकाच गल्लीतला.

त्या एका बाइटच्या प्रकाराचं तर काय सांगावं. मूळ यादीत ऐंशी प्रकार होते. ब्लूजपासून सुरुवात, त्यात पोल्का आहे, अ‍ॅसिड पंक आहे, खोड्यांच्या रेकॉर्डिंगसाठी सुद्धा एक घर आहे. ख्याल, नाट्यगीत, अभंग, लावणी या सगळ्यांनी ४८ क्रमांकाच्या ‘एथनिक’मध्ये दाटीवाटीने बसायचं. नंतर मजकूर हवा तो लिहिता येऊ लागला, तरी साचा राहिलाच: गाणं, कलाकार, अल्बम. पाश्चात्त्य पॉपची एलपी समोर ठेवून शिवलेला हा अंगरखा. भावगीताला कवी लागतो, संगीतकार लागतो, मग गायक. ख्यालाला राग लागतो, ताल लागतो, बंदिश लागते. अल्बम कुठला याची कुणाला पडलेली नसते.

गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १९५५-५६मध्ये पुणे आकाशवाणीवरून छप्पन्न गीतं प्रसारित झाली, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचं, आणि गायक अनेक. ‘अल्बमचा कलाकार’ हे वेगळं घर भरलेलं नसेल तर बहुतेक प्लेअर त्याचे गायकवार तुकडे करतात. एक रामायण दहा ठिकाणी सांडतं. फाइलींना नुसते १, २, ३ असे आकडे दिलेले असतील तर काही प्लेअर अक्षरांच्या हिशोबाने लावतात: १ नंतर १०, मग ११, असं करत १९, आणि मग २. पहिल्या गीतानंतर थेट दहावं. कथा पुढे-मागे होते आणि ऐकणाऱ्या आजीला वाटतं आपलाच डोळा लागला. ०१, ०२ असं लिहिलं आणि ट्रॅकचा क्रमांक भरला की मिटलं.

राग मात्र कुठल्याच तयार घरात बसत नाही. आयडी३च्या दुसऱ्या पिढीत आणि एफएलएसीत आपलं स्वतःचं घर काढता येतं, नाव काहीही द्या. फुबारमध्ये मामांनी तशी दोन घरं केली होती, राग आणि प्रहर. सकाळी उठून ‘पहिला प्रहर’ दाबलं की भैरव, रामकली, विभास. संध्याकाळी मारवा, पूरिया, पूर्वी. त्यांना हवी होती ती मांडणी हीच. आणि सुदैवाने ती फुबारच्या पोटात नव्हती, फाइलींच्या पोटात होती. प्रश्न फक्त ती वाचणारा प्लेअर शोधण्याचा.

स्ट्रॉबेरीत साचा ठरलेला आहे. कलाकार, अल्बम, संगीतकार, प्रकार आणि ‘ग्रुपिंग’ अशा दिलेल्या घरांतूनच निवडायचं. पुष्कळ शास्त्रीय संगीतवाले राग ग्रुपिंगमध्ये कोंबतात. डेडबीफ फुबारच्या जवळचा: कोणता रकाना कसा दाखवायचा हे सूत्र लिहून सांगता येतं, आणि सूत्रांची भाषाही फुबारशी जुळणारी आहे. त्याला क्यू पत्रकंही समजतात. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची एकच फाइल म्हणून उतरवलेली असते. क्यू पत्रकात लिहिलेलं असतं, विलंबित इथून, द्रुत इथून, भजन इथून, मिनिट, सेकंद आणि सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग अशा हिशोबात. फाइल न कापता प्लेअरला तीन गाणी दिसतात.

पण राग-प्रहराचं काम केलं ते क्वोड लिबेटने. दिसायला अगदी साधा, पायथॉनमध्ये लिहिलेला. त्यात एक मांडणी आहे, वर उभे कप्पे आणि खाली गाण्यांची यादी. कप्पे कोणते हे आपण सांगायचं. मी सेटिंगमध्ये जाऊन पहिल्या कप्प्यात प्रहर, दुसऱ्यात राग, तिसऱ्यात कलाकार असं लिहिलं आणि संग्रह वाचायला लावला. मामांनी चौथ्या प्रहरावर क्लिक केलं. शेजारच्या कप्प्यात मुलतानी आला, पटदीप आला. मुलतानीवर क्लिक केलं तर पुढे गवयांची रांग. मामा काही बोलले नाहीत, मुलतानी लावला आणि मला चहाला पिटाळलं.

रागाचं घर हवं हे फक्त मिरजेतच सुचलं असं नाही. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २०११पासून काही वर्षं कॉम्पम्युझिक नावाचा प्रकल्प चालला. हिंदुस्थानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदालुसी आणि बीजिंग ऑपेरा या पाच परंपरांचं संगीत कॉम्प्युटरला त्यांच्या त्यांच्या हिशोबाने कसं समजावं, यावर तिथे काम झालं. म्युझिकब्रेन्झ या खुल्या संगीतकोशात राग आणि ताल नोंदवायची सोय आज आहे. प्लेअर करणाऱ्यांपर्यंत मात्र हे अजून फारसं झिरपलेलं नाही.

जे फाइलींच्या पोटात नव्हतं त्याचं काय झालं? याद्यांनी बराच घाम काढला. एमथ्रीयू यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल, ओळीला एका गाण्याचा पत्ता. विंडोजमधला पत्ता डी ड्राइव्हपासून सुरू होतो आणि त्यातल्या तिरक्या रेघा उलट्या बाजूला कलतात. लिनक्सला ड्राइव्हची अक्षरं माहीत नाहीत, रेघा दुसरीकडे कलतात, आणि फोल्डरच्या नावातलं पहिलं अक्षर मोठं आहे की लहान यालाही तो महत्त्व देतो. हे सगळं टेक्स्ट एडिटरमध्ये ‘शोधा आणि बदला’ने सुधारता येतं, अर्ध्या तासाचं काम. पण त्यात एक खड्डा आहे. जुन्या एमथ्रीयू याद्या विंडोजच्या जुन्या अक्षरसंचात लिहिल्या जात आणि त्या संचांत देवनागरी कधीच नव्हती. त्यामुळे फाइलीचं नाव मराठीत असेल तिथे यादीत नुसती प्रश्नचिन्हं. ती कितीही सुधारा, खालचं नाव परत येत नाही. फुबारने केलेल्या याद्या एमथ्रीयू८ प्रकारच्या, यूटीएफ-८मध्ये लिहिलेल्या होत्या, त्या वाचल्या. त्याआधीच्या विनॅम्पच्या याद्या मामांनी आठवून पुन्हा केल्या, आणि ‘तेव्हा हे कशाला घेतलं होतं’ म्हणत निम्मी गाणी गाळली.

पसंतीच्या चांदण्यांचं तसंच. एमपीथ्रीत पसंतीचा आकडा शून्य ते दोनशे पंचावन्न असा लिहिता येतो, पण पाच चांदण्या म्हणजे त्यातला कितवा, यावर एकमत नाही. विंडोज १, ६४, १२८, १९६ आणि २५५ धरतं. रिदमबॉक्स तर पसंती फाइलीत लिहीतच नाही, स्वतःच्या एका वहीत ठेवतो. आयट्यून्सची रीतही तीच. फुबारला सांगितलं तर तो आपली आकडेवारी फाइलींत लिहून देतो, मात्र हे विंडोज पुसण्याआधी करायचं असतं, आणि त्याने लिहिलेलं दुसरा वाचेलच याची खात्री नाही. मॅककडे जाणाऱ्यांनाही हे सगळं लागू आहे. तिथे २०१९मध्ये आयट्यून्सचे तुकडे होऊन म्युझिक आलं, पण फाइल आणि वही यांच्यातला फरक राहिलाच. नवा प्लेअर घेताना मी आता पहिल्यांदा हेच बघतो: तो काय कुठे लिहितो. बाकी रूपरंग नंतर.

मामांनी चांदण्यांचा निकाल त्यांच्या पद्धतीने लावला. शेऱ्याच्या घरात तीन शब्द: ‘उत्तम’, ‘ठीक’, ‘सवड असेल तर’. शेरा सगळे प्लेअर वाचतात.

सगळंच ऑनलाइन मिळत असताना हे उपद्व्याप कशाला, असं मला अनेकांनी विचारलं. ज्याचं सगळं तिथे मिळतं त्याने करू नयेत. मामांकडची रेडिओवरून कॅसेटवर घेतलेली सभा, मध्येच निवेदिकेचा आवाज येणारी, कुठल्याही कंपनीच्या यादीत नाही.

सध्या त्यांच्या मशीनवर दोन प्लेअर आहेत. रोजच्या प्रहरांसाठी क्वोड लिबेट आणि कॅसेटांसाठी डेडबीफ, कारण क्यू पत्रकांचं काम त्यांना तिथेच बरं जमतं. एकच का नाही, यावर त्यांनी मला ऐकवलं, ‘‘तुझ्या घरात चप्पल एकच आहे का?’’ आता त्यांनी सगळ्या फाइलींची नावं रोमनमधून देवनागरीत करायला घेतली आहेत. रोज थोडी, किड३ उघडून, दुपारच्या झोपेनंतर. ‘मारू बिहाग’ हे एक की दोन शब्द, यावरून त्यांचं आणि सांगलीच्या एका मित्राचं फोनवर वाजलंही. माझ्या मोटारीतला प्लेअर या देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दाखवतो हे मी त्यांच्या कानावर घातलं.

‘‘दाखवू दे. गाडीत गाणं ऐकायचं असतं, तू रस्त्याकडे बघ.’’